गाय गाभडली, ताप माणसाला

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी त्वचारोगाने राज्यातल्या गोठ्यांमध्ये हाहाकार उडवला, तेव्हा गावोगावी एकच प्रश्न विचारला जात होता : हा रोग दुधातून माणसाला होतो का? तो होत नाही, हे पशुवैद्यकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. पण जो आजार दुधातून आणि गोठ्यातून खरोखर माणसापर्यंत पोहोचतो, त्याचे नाव त्याच गावांत क्वचितच कोणाच्या तोंडी येते. तो आजार म्हणजे ब्रुसेल्लोसिस. जनावरांमध्ये त्याला ‘सांसर्गिक गर्भपात’ म्हणतात.

पिसाळलेल्या कुत्र्याची भीती लहान मुलालाही असते, कारण तो रोग डोळ्यांना दिसतो. ब्रुसेल्लोसिसचे तसे नाही. या रोगाने गाय किंवा म्हैस सहसा मरत नाही, आजारीही दिसत नाही. पाचव्या महिन्यानंतर, बहुतेकदा सातव्या-आठव्या महिन्यात ती गाभडते, वार अडकते, आणि काही दिवसांत ती पूर्ववत चारा खाऊ लागते. पाय घसरला असेल, शेजारच्या म्हशीने ढुशी मारली असेल, ऊन लागले असेल, असे म्हणून विषय संपतो. कधी ते कारण खरेही असते. परंतु उशिराच्या गर्भपातात तपासणी होईपर्यंत ब्रुसेल्लोसिसचा संशय धरलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट पशुपालकाला चकवते. बाधित गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला ती नीट व्याली, की ‘आता बरी झाली’ असे वाटते. प्रत्यक्षात जंतू तिच्या शरीरात राहिलेले असू शकतात आणि पुढच्या विण्याच्या वेळी स्रावातून, तसेच दुधातून बाहेर पडू शकतात.

संसर्ग होतो कसा?

गाभडलेल्या जनावराचे मेलेले वासरू, वार आणि गर्भजल यांत जंतूंची संख्या प्रचंड असते. आपल्याकडे हे सगळे उघड्या हातांनी उचलले जाते. वार अडकली तर घरचाच माणूस हात घालून ती ओढतो. नंतर गोठा झाडण्याचे, शेण काढण्याचे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते. हातावरच्या साध्या खरचटल्या जागेतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून किंवा श्वासावाटे जंतू शरीरात शिरतात. वार उकिरड्यावर टाकली तर कुत्री ती गावभर ओढतात. काही भागांत वार झाडाला टांगण्याची रीत आहे, तिथेही धोका तोच.

दुसरा मार्ग निरशा दुधाचा. धारोष्ण दुधाने अंगात ताकद येते ही समजूत जुनी आहे. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यांवर समोर धार काढून दूध पिण्याची हौस प्रसिद्धच आहे. पण दूध कितीही ताजे असले, तरी जनावर बाधित असेल तर त्यात जंतू असू शकतात. शेळी-मेंढीत आढळणारा या जंतूचा प्रकार तर माणसाला अधिक त्रास देतो. त्यामुळे शेळीचे कच्चे दूध औषध म्हणून मुलांना पाजणे धोक्याचे आहे. चांगली उकळी आली की हे जंतू मरतात. पाश्चराइज केलेले दूधही सुरक्षित असते.

हे ज्ञान आजचे नाही. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन् महिने ताप येत असे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षे लागली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले.

ताप जातो आणि परत येतो

माणसात हा आजार साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी डोके वर काढतो. चढ-उतार होणारा ताप, अंग भिजवणारा घाम, कंबर व सांधे दुखणे, कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे. काही पुरुषांमध्ये अंडकोष सुजतो. गर्भवतीचा गर्भपात होऊ शकतो. क्वचित हृदयाच्या झडपांपर्यंत संसर्ग जातो आणि मग जिवावर बेतते.

हीच लक्षणे विषमज्वर, हिवताप आणि क्षयरोगातही असतात. मग पाच-सात दिवसांच्या गोळ्या होतात, ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. मजुरी बुडते, दवाखाने बदलतात. गाय गाभडल्याचा तापाशी काही संबंध असेल, हे रुग्णाच्या मनात येत नाही आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरही ते विचारत नाहीत. ‘डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी आमची गाय गाभडली होती,’ हे एक वाक्य योग्य तपासणीचा रस्ता दाखवते. रक्ताच्या चाचणीतून निदान होते. उपचार आहेत, पण लांबीचे : सहसा दोन औषधे, त्यांतले निदान एक सहा आठवडे. दुसऱ्या आठवड्यात बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, तर आजार उलटतो.

लपवाछपवी का होते?

गाय बाधित आहे हे कळले, तर दूध कोणी घेणार नाही आणि बाजारात किंमत येणार नाही, ही भीती खरी आहे. अनेक देशांत बाधित जनावर मारून मालकाला भरपाई दिली जाते. आपल्याकडे गोवंश हत्येला बंदी आहे आणि गोठ्यातल्या गाईशी नातेही वेगळे असते. परिणामी गाभडलेली गाय गुपचूप विकली जाते आणि रोग एका बाजारातून दुसऱ्या गावात पोहोचतो. पशुपालकाला दोष देऊन हे थांबणार नाही. तपासणी केल्यास आपले नुकसानच होईल, असे त्याला वाटेल तोवर तो बोलणार नाही.

म्हणूनच लसीला महत्त्व आहे. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना आणि पारड्यांना ही लस मोफत दिली जाते. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते. अडचण अशी, की कालवड दुधावर येईपर्यंत तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही आणि हे चार महिने निसटतात. लस जिवंत जंतूंची असल्याने नर वासरांना व गाभण जनावरांना देत नाहीत. माणसासाठी या रोगाची लस नाही.

एवढे करा

जनावर गाभडले, की ते वेगळे बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. वार व मेलेल्या वासराला हातमोजे घालूनच हात लावा. ते नसतील तर हातावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. नाक-तोंड झाका. खोल खड्ड्यात पुरून वर चुना टाका, जागा जंतुनाशकाने धुवा. वार ओढण्याचे काम पशुवैद्यकावर सोडा. गर्भवती स्त्रिया आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवा. दूध उकळूनच प्या. नवे जनावर विकत घेताना रक्ततपासणीचा आग्रह धरा. आणि घरात कोणाचा ताप दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी गोठ्यात काय घडले ते त्यांना आवर्जून सांगा.