लंगोट बदलताना पाय आवळतो का?

आधी हिशोब होतो, मग बाळाला हात लावतात. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षातून घरी गेलेली कमी दिवसांची बाळं पुन्हा दाखवायला आणतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक आजीच विचारते. "सहा महिने झाले बाय, अजून पालथा पडत नाही." थेरपिस्ट ताई फाईल उघडतात. बाळ तिसाव्या आठवड्यात झालं, म्हणजे दहा आठवडे आधी. सहा महिन्यांतून ते वजा केले की उरतात साडेतीन महिने आणि वर थोडे दिवस. या वयात मान सावरायला लागली म्हणजे पुष्कळ झालं, पालथं पडायला अजून अवकाश आहे. लसी जन्मतारखेनंच द्यायच्या, पण दोन वर्षांपर्यंत बाळाची वाढ आणि विकास या दुरुस्त वयानं बघायचा. आजीच्या चेहऱ्यावरचा ताण एका वजाबाकीनं उतरतो.

मग बाळाला उताणं झोपवतात. ताई दोन्ही मांड्या अलगद बाहेर उघडतात आणि कुठवर जातात ते बघतात. मग गुडघ्यामागचा कोन, घोट्याचा कोन. शेवटी हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे नेतात आणि कोपर कुठे येतं ते बघतात. ही पद्धत क्लॉडिन आमिएल-तिसाँ या फ्रेंच डॉक्टर बाईंची. मांड्यांचा आणि गुडघ्यामागचा कोन पहिल्या वर्षात वाढत जायला हवा. तो अडून राहिला तर स्नायू आवळलेले आहेत, असा संशय येतो. आईला कोन मोजता येत नाहीत, म्हणून ताई तिला तिच्या रोजच्या कामातलं विचारतात. लंगोट बदलताना पाय आवळून धरतो का? मूठ उघडतो, की अंगठा सारखा आतच? मांडीवर उभा धरला तर टाचा टेकतात, की चवड्यांवरच राहतो? या उत्तरांचं मोल एखाद्या स्कॅनपेक्षा कमी नाही, असं मला वाटतं. आई हे सगळं दिवसातून दहादा बघत असते.

पायच का बघायचे, याचं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. मेंदूत खोलवर द्रवानं भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या कडेला, गर्भातल्या बाळाच्या मेंदूत, नव्या पेशी तयार करणारा एक मऊ थर असतो आणि त्यातल्या रक्तवाहिन्या फार पातळ असतात. साधारण 34व्या आठवड्यापर्यंत हा थर विरून जातो. त्याच्या बऱ्याच आधी जन्म झाला आणि श्वास अडखळला, रक्तदाब खालीवर झाला, की तिथे रक्तस्राव होऊ शकतो. तो बहुतेक पहिल्या तीन दिवसांत होतो, आणि टाळू उघडी असल्यामुळे तिथून सोनोग्राफी करून दिसतो. दुसरी इजा इतकी सहज दिसत नाही. मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी 24 ते 32 आठवड्यांच्या काळात अगदी कोवळ्या असतात. प्राणवायू कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला तर त्या मरतात. पायांना हालचालीचा हुकूम देणारे तंतू याच पोकळ्यांना खेटून खाली उतरतात. म्हणून मेंदूतल्या या दुखण्याची खूण अनेकदा आधी लंगोटापाशी सापडते.

सातव्यात झालेलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. ती साफ चुकीची आहे आणि मोडायलाच हवी. 35व्या आठवड्याच्या सुमारास मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतं. उरलेला तिसरा हिस्सा शेवटच्या पाच आठवड्यांत भरतो. पोटातला प्रत्येक आठवडा कामाचा असतो. वैद्यकीय कारण नसताना निव्वळ मुहूर्तासाठी सिझेरियन अलीकडे ओढणाऱ्यांना हे कुणीतरी समोर बसवून सांगावं.

तपासणी झाली की काय करायचं ते आईला करून दाखवतात. जागं असताना पोटावर झोपवायचं, चेहऱ्याजवळ येऊन बोलायचं, लाल लोकरीचा गोंडा हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचा. चाकांचा वॉकर आणायचा नाही. डोळ्यांची तपासणी झाली का, ऐकू येतं का तपासलं का, हे फाईलमध्ये पुन्हा बघतात. अवघड भाग याच्या पुढचा. मंडणगडाहून रत्नागिरीला येऊन परत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. बाळाचा बाप नोकरीला मुंबईत. बाळंतीण आधी माहेरी, मग सासरी, आणि वर्षभरात तीही मुंबईत. या फिरतीत तपासणी सुटते. आशाताई पहिले 42 दिवस ठरलेल्या दिवशी घरी येतात, पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. पण त्या गावातच राहतात आणि बाळ गाव सोडून गेलेलं असतं.

आणि हात-पाय ठीक निघाले म्हणजे सुटलो, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 या काळात नवजात कक्षातून घरी गेलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा माग 18 वर्षांपर्यंत ठेवला. आपल्या देशात इतक्या चिकाटीनं झालेली अशी कामं थोडीच आहेत. त्यातली बहुतेक मुलं शाळेत गेली, त्यांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती, तरी बरोबरीच्या मुलांच्या सरासरीपेक्षा कमी भरली. डोळ्यांनी पाहिलेलं हातानं उतरवणं त्यांना जड जात होतं. सगळ्यांत मागे राहिली ती कमी दिवसांची आणि त्या दिवसांच्या मानानंही कमी वजनाची मुलं. आईचं शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचाही परिणाम ठळक होता.

अशा मुलाला तिसरी-चौथीत फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ लागतो, गणितं अर्धी राहतात, आणि त्याला आळशी ठरवून बाक बदलला जातो. तोवर ते काचेच्या पेटीत होतं हे घरात कुणाच्या बोलण्यातही उरलेलं नसतं. म्हणून ताई आईला फाईल जपून ठेवायला सांगतात. पहिलीत नाव घालताना ती वर्गाच्या बाईंना दाखवायची आणि पोराला लिहायला जास्त वेळ मागून घ्यायचा.