सोन्याचा माग काढणारी मातीची पिशवी

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात सोन्याचा शोध अनेकदा मातीच्या पिशवीपासून सुरू होतो. बर्फ वितळलं की मोजक्या महिन्यांच्या उन्हाळ्यात हंगामी तंत्रज्ञ हेलिकॉप्टरने रानात उतरतात आणि तंबूत राहतात. जीपीएसवर आखलेल्या रेषेवरून चालायचं, ठरावीक अंतरावर, समजा दर ५० मीटरला, थांबायचं आणि हातगिरमिटाने पालापाचोळ्याचा थर भेदून खालची, खडक झिजून झालेली माती काढायची. ती कागदी पिशवीत भरून क्रमांक, खोली आणि रंग नोंदवायचा. गोठलेली जमीन, डास आणि अस्वलं रोजचीच.

प्रयोगशाळा त्या मातीतलं सोनं अब्जांश भागांत मोजते. आर्सेनिक, अँटिमनी यांचं वाढलेलं प्रमाणही सोन्याची चाहूल देतं. पश्चिम युकॉनचा बराच भाग हिमयुगात हिमनद्यांखाली गेला नाही. त्यामुळे तिथली माती आपल्या मूळ खडकापासून फार दूर गेलेली नाही आणि तिच्यातलं सोनं जवळच्याच खडकाकडे बोट दाखवतं. तिथल्याच व्हाइट गोल्ड भागातलं सोनं अशाच नमुन्यांमुळे सापडलं.

एका पिशवीवरचा क्रमांक चुकला, तर पुढचं महागडं ड्रिलिंग भलत्याच जागी होऊ शकतं. म्हणून दमल्या हातांनी केलेल्या त्या नोंदीचं मोल मोठं आहे.