एका फळ्यावर दोन इयत्ता

फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे दुसरीची हातच्याची बेरीज, उजवीकडे चौथीचे अपूर्णांक. तळेगाव दाभाड्याच्या आसपास, मावळातल्या वाड्यावस्त्यांवर असे वर्ग भरतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत पट ६० पर्यंत असेल, तर शिक्षक दोनच.

ही अडचण खरीच, पण तिच्यातून मोठं काही उभं राहू शकतं.

चाकणच्या पुढे, खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पाहा. तिथे मुलंच एकमेकांची ‘विषयमित्र’ होतात, वयाची अट न ठेवता शिकवतात. २०२५ मध्ये ही शाळा जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. धाकट्याला हातचा समजावताना थोरल्याचाही पाया पक्का होतो. धाकट्याच्या कानावर पुढच्या इयत्तेचे शब्द आधीच पडलेले असतात.