रानातली सहल आणि हातातले हत्यार

थंडी पडली की सहलींचे दिवस सुरू होतात. महाविद्यालयांची शिबिरे, गडावरचा मुक्काम, शेतावरचा हुरडा, काही ना काही चाललेलेच असते. तांदूळ, बटाटे, पातेले यांच्याबरोबर एखादी सुरी आणि कोयता किंवा कुऱ्हाडही पिशवीत जाते. मग आमच्याकडे टाके घालण्याचे काम वाढते. या जखमांत मला वर्षानुवर्षे एक गोष्ट सारखी दिसत आली आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याची जखम बहुधा डाव्या हातावर किंवा डाव्या नडगीवर असते. हत्यार धरणारा हात सुरक्षित राहतो. कांदा किंवा लाकूड धरणारा हात कापतो. म्हणून घाव घालण्यापूर्वी, हत्यार निसटले तर ते कुठे जाईल, एवढे पाहून घ्यावे. त्या वाटेत आपले बोट, मांडी किंवा शेजारचे मूल असेल, तर आधी जागा बदलावी.

विळीवर भाजी चिरताना पाते जागेवर असते आणि भाजी हलते. सुरीचे नेमके उलटे. त्यामुळे विळीवर तरबेज असलेली माणसेही सुरीने कापून घेतात. त्यात सहलीत पाट नसतो, फळी नसते. कांदा तळहातावर धरूनच चिरला जातो. एक लहानशी लाकडी फळी सोबत न्यावी, तिचे ओझे होत नाही. बटाटा मांडीवर धरून कापणे तर टाळावेच, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. काम झाले की विळी आडवी करून ठेवायची, ही आजीची शिस्त सुरीलाही लावावी. म्यान नसेल तर जाड पुठ्ठ्यात गुंडाळावी. गवतात टाकून देऊ नये.

बोथट सुरी निर्धोक असते, हा एक मोठाच गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोराने घसरलेले पाते आवरत नाही. धार घरूनच लावून न्यावी.

कुऱ्हाडीचा दांडा निघण्यापूर्वी तपासावा. सैल दांडा पाण्यात बुडवून फुगवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण लाकूड वाळले की तो पुन्हा सैल होतो आणि पाते उडते. नवी पाचर ठोकून घेणे हाच उपाय. लाकूड ओंडक्यावर ठेवून तोडावे. ते पायाने दाबून धरून घाव घालण्याची आपल्याकडे फार सवय आहे. पायाच्या बोटांवरच्या जखमा त्यातूनच येतात. घाव घालणाऱ्याजवळ कोणी उभे राहू नये, वर फांदी किंवा तंबूची दोरी नसावी. अंधार पडल्यावर, दमल्यावर आणि 'घेतल्यावर' कुऱ्हाडीला हात लावू नये. खरे तर गॅसची लहान शेगडी नेली तर कुऱ्हाडीची गरजच पडत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि हरिश्चंद्रगडासारखे आपले काही आवडते गडही अभयारण्यात आहेत.

एवढे करूनही कापलेच, तर स्वच्छ फडका जखमेवर ठेवून घट्ट दाबावे आणि हात उंच धरावा. पूर्ण दहा मिनिटे दाबायचे, मध्येच उचलून पाहायचे नाही. हळद, चुना, तंबाखू, कॉफी यांपैकी काहीही भरू नये. ते सगळे आम्हाला आधी धुऊन काढावे लागते. रक्त थांबले की पिण्याच्या पाण्याने जखम भरपूर धुवावी आणि पट्टी बांधावी.

रक्त थांबले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. शिबिराहून आलेला एक विद्यार्थी तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला होता. तर्जनीवर जेमतेम अर्ध्या इंचाची जखम, पण बोटाचा शेंडा वाकेना. आत कंडरा, म्हणजे स्नायूचा ओढ हाडापर्यंत नेणारी दोरी, तुटली होती. त्याला शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात पाठवावे लागले. म्हणून जखम लहान असली तरी बोटाचा प्रत्येक सांधा वाकतो का, सरळ होतो का आणि शेंड्याला स्पर्श कळतो का, हे तिथेच पाहावे. यातले काही बिघडले असेल, तर सहल अर्धी सोडून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

रक्त उसळून येत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर हातापायाच्या जखमेच्या वरच्या बाजूला, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधावी. तीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यावा. सुतळी वापरू नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी, पट्टी वाटेत सोडू नये आणि १०८ ला फोन करावा. बोट तुटून वेगळे झाले असेल, तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी; बोट थेट बर्फावर ठेवू नये.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. पूर्वी टीटी देत, आता त्याऐवजी टीडी देतात. त्याने घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असले, तरी मातीने माखलेल्या जखमेसाठी मागच्या इंजेक्शनला पाच वर्षे झाली असतील तर पुन्हा घ्यावे लागते. मागचे कधी घेतले ते आठवत नसेल, तर सहलीला निघण्याआधीच जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी.