खेळात गोऱ्हा जन्मत नाही

‘फार्मिंग सिम्युलेटर’ या खेळात गाई वाढवण्याचा नियम साधा आहे. गाय १८ महिन्यांची झालेली हवी, तिची तब्येत दाखवणारी पट्टी ७५ टक्क्यांच्या खाली गेलेली नको आणि गोठ्यात आणखी एका जनावराची जागा हवी. एवढं जुळलं की १० महिन्यांनी वासरू मिळतं. नेहमीच्या मांडणीत खेळातला महिना एका दिवसाचा असतो, म्हणजे खेळातले दहा दिवस उलटले की दावणीला एक जनावर वाढलं. वळू लागत नाही, डॉक्टरला फोन करावा लागत नाही, आणि जन्मलेलं प्रत्येक वासरू मोठं होऊन पुन्हा गाभण राहू शकतं.

स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर या कंपनीने २००८ मध्ये ही मालिका सुरू केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत म्हशी आल्या, शेळ्या आल्या, भाताची खाचरं आली. आतापर्यंत युरोप-अमेरिकेच्या शिवारात रमलेला हा खेळ आपल्या गोठ्याच्या बराच जवळ आला आहे. म्हणूनच तो नेवासा तालुक्याच्या मापाने मोजून पाहावासा वाटला. मुळा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि चारा, घरोघरी दोन-चार संकरित गाई, आणि नगर-संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला भरणारा शुक्रवारचा जनावरांचा बाजार. गोठा वाढवायचा म्हणजे काय, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

खेळाची एक गोष्ट मला मनापासून आवडते. तो चाऱ्याला पहिला मान देतो. नुसत्या गवतावर ठेवलेली गाय कमी दूध देते, वाळलेल्या चाऱ्यावर बरं देते, आणि मुरघास, वाळलेला चारा व काड यांचं योग्य मिश्रण घातलं तर पूर्ण देते. हे मिश्रण करायचं तर आधी गवत कापून वाळवावं लागतं, मका कुट्टी करून खड्ड्यात दाबावा लागतो, तो आंबेपर्यंत थांबावं लागतं. ज्याने आधी गाई घेतल्या आणि मग चाऱ्याचा विचार केला, त्याचा गोठा खेळातही बसतो. नगर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत मुरघास पसरला तो याच हिशेबाने. पावसाळ्यातला हिरवा मका उन्हाळ्यातल्या गाईच्या पोटात कसा पोचवायचा, याचं ते उत्तर आहे.

पण इथला चारा खेळातल्यासारखा टक्क्यांत मोजून भागत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की मुळा आणि ज्ञानेश्वर या दोन्ही कारखान्यांच्या परिसरात उसाचं वाढं मुबलक आणि स्वस्त मिळतं. गाई ते आवडीने खातात. त्यात ऑक्झलेट असतं आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसतं वाढं घातलं तर दुधाला आणि गर्भाला पुरेल एवढं कॅल्शियम उरत नाही. गाय दिसायला भरलेली आणि आतून रिती. त्यावर जुना तोडगा चुन्याच्या निवळीचा. कळीचा चुना पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद काढायचं आणि वाढ्यावर शिंपडायचं. जोडीला खनिज मिश्रण आणि दुसरा चारा हवाच. खेळाच्या पट्टीवर अशी गाय भरपेट म्हणून हिरवी दिसली असती.

खरा फरक मात्र चाऱ्यात नाही, वेळेत आहे.

गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो बारा ते अठरा तास. गोठा वाढणार की नाही, हे त्या तासांत ठरतं. पहाटे धारेच्या वेळी गाय विनाकारण हंबरते, वैरणीत लक्ष नसतं, दूध थोडं कमी निघतं, शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट दिसतो. ही लक्षणं बहुतेक घरांत आधी बाईच्या नजरेला पडतात, कारण शेण काढायला आणि धार काढायला तीच खाली बसलेली असते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा प्रघात आहे. स्त्रीबीज माज संपल्यावर काही तासांनी सुटतं आणि ते थोडेच तास टिकतं, म्हणून हा अर्ध्या दिवसाचा उशीर मुद्दाम ठेवायचा. लवकर भरवली तरी गाय उलटते, उशिरा भरवली तरी उलटते. उलटली की पुन्हा २१ दिवस. तेवढे दिवस वैरण, पेंड, मजुरी चालूच असते. म्हशींचं आणखी अवघड, कारण त्यांचा मुका माज. ना हंबरणं, ना उड्या. उन्हाळ्यात तर कळतच नाही.

मुक्त गोठ्याचा एक मोठा फायदा इथेच आहे. गाय मोकळी असली की माजावरच्या गाईवर दुसरी गाय उडी घेते आणि ती शांत उभी राहते. हे लक्षण सगळ्यांत भरवशाचं. दाव्याला बांधलेल्या गाईत ते दिसणारच कसं? मुक्त गोठ्याची चर्चा बहुधा वाचणाऱ्या मजुरीवर अडते. मला वाटतं गोठा वाढवणाऱ्याने तो माजासाठी बांधावा.

आता गणित. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात दोन गाईंना गहू चारला की लगेच वासरू होतं, वीस मिनिटांत ते मोठं होतं आणि आई-बाप पाच मिनिटांत पुन्हा तयार. एका संध्याकाळी कुरण भरून जातं. नेवाशातल्या संकरित गाईचा गाभणकाळ नऊ महिने आणि वर थोडे दिवस. वेतानंतर दोन-तीन महिने विश्रांती, मग रेतन, पुढच्या वेताआधी दोन महिने आटवणं. सगळं वेळेवर झालं तर दोन वेतांत तेरा-चौदा महिन्यांचं अंतर. झालेली कालवड चांगली जोपासली तर अडीच वर्षांच्या आसपास पहिल्यांदा विणार. म्हणजे आज व्यालेली गाय पाच वर्षांत पाच वेळा विते, त्यात कालवडी दोन किंवा तीन. हे सारं जुळून आलं तर. वार अडकली, गर्भाशयाला सूज आली, एखादा माज हुकला, की हिशेब मागे पडतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा तर राज्यातले जनावरांचे बाजारच बंद ठेवावे लागले होते. माश्या, डास, गोचिड यांच्यामार्फत पसरणारा तो आजार अंगावर गाठी आणून थांबला नाही. गाभडलेल्या गाई आणि पुढे माजावरच न येणाऱ्या गाई हे त्याचं मागे राहिलेलं नुकसान. फार्मिंग सिम्युलेटरच्या मूळ आवृत्तीत साथ नसते.

वंशाचा प्रश्नही तिथे नाही. आईची जात तीच वासराची जात, विषय संपला. शेजारच्या राहुरीत, महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली, ती तीन रक्तांचा विचार करून: निम्मं होल्स्टीन फ्रिजियन, पाव जर्सी, पाव गीर. दूध, फॅट आणि आपल्या उन्हात तग धरणं, तिन्ही एका गाईत यावं म्हणून. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ उभी केली आणि गोठवलेल्या रेताच्या कांड्या खेडोपाडी पोचवण्याचं काम या संस्थेने वर्षानुवर्षं केलं. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात बुडवलेली ती कांडी मोटारसायकलवरून वस्तीवर येते. तिच्यावर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो वहीत टिपून ठेवणारे फार कमी. ज्या वळूची कालवड, तिला पुन्हा त्याच वळूची कांडी भरली गेली तर बापाचंच रक्त परत येतं आणि त्या वासरात जोम राहत नाही. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावर बाजारात विकता येत नाही. त्या क्रमांकापुढे वळूचाही क्रमांक घरच्या वहीत असावा. एका ओळीचं काम आहे.

आणि आता जो खेळात जन्मतच नाही त्याच्याविषयी. साधी कांडी भरली तर निम्मी वासरं गोऱ्हे. बैलावर शेती चालायची तेव्हा गोऱ्हा झाला म्हणून घरात गोड व्हायचं. प्रवरा नदीच्या काठावर, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये ताम्रपाषाण काळातली कांस्य शिल्पं सापडली, त्यात बैल जुंपलेला रथ आहे आणि चाकांवरची म्हैसही आहे. हजारो वर्षांपूर्वीही या खोऱ्यात माणसाने जनावर घडवलं तेव्हा जुंपलेला बैल घडवला. आज नांगरट ट्रॅक्टर करतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखंच, त्यामुळे जू नीट बसत नाही आणि दुपारच्या उन्हात तो धापा टाकतो. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्या कायद्यामागच्या श्रद्धेला मी नाव ठेवत नाही. पण ज्या गोऱ्ह्याला औत नाही आणि गिऱ्हाईक नाही, त्याचा रोजचा खर्च दोन गाईंच्या दुधावर जगणाऱ्या घराने सोसायचा, ही वाटणी न्यायाची नाही. याचा भार मोकाट सोडलेल्या वासरांच्या रूपाने रस्त्यावर दिसतो, आणि जे दिसत नाही ते त्याहून वाईट आहे: आईच्या कासेपासून लवकर तोडलेला, चीक पोटभर न मिळालेला गोऱ्हा आठ-पंधरा दिवसांत हगवणीने जातो आणि कुणी त्याची नोंदही करत नाही.

लिंगविनिश्चित रेतमात्रा हा यावरचा आजचा उपाय. तिच्यात मादी जन्माला घालणारे शुक्राणू वेगळे काढलेले असतात आणि शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. कांडी महाग पडते, गर्भ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून ती तरुण, निरोगी, स्पष्ट माज दाखवणाऱ्या कालवडीला वापरावी. शासनाच्या योजनेतून ती सवलतीत मिळते तिथे घ्यावीच. दहातला एक गोऱ्हा तरीही होणार. गीर किंवा खिलार गाय पाळणाऱ्यांचं तसं नाही. तिथे चांगला गोऱ्हा आजही मोलाचा आहे आणि वळू म्हणून निवडता येतो.

फार्मिंग सिम्युलेटर खेळणाऱ्यांपैकी काहींना मूळ खेळातला हा सोपेपणा खटकला. त्यांनी स्वतः जोडण्या लिहिल्या: नर-मादी वेगळे, गुण आई-बापांकडून उतरणारे, वीण फसण्याची शक्यता असलेले. त्या जोडण्या घालून खेळला तर गोठा फार हळू वाढतो आणि खेळणाऱ्याला प्रत्येक नराचं काय करायचं ते ठरवावं लागतं. घरात जनावरं आहेत आणि मुलगा किंवा मुलगी हा खेळ खेळते, तिथे मी हीच मांडणी सुचवेन. सोबत एक वही द्यावी: माजाची तारीख, कांडीचा क्रमांक, एकविसाव्या दिवशी गाय उलटली की नाही, तीन महिन्यांनी गाभण तपासणी, वेत. वासरू झालं की ते कालवड असो की गोऱ्हा, पहिल्या तासा-दोन तासांत वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक दिवसभरात विभागून पाजायला सुरुवात झाली की नाही, हाही एक रकाना. नंतरच्या तासांत वासराच्या आतड्यांची चिकातली प्रतिकारद्रव्यं शोषून घेण्याची ताकद झपाट्याने कमी होते आणि दुसऱ्या दिवशी कितीही पाजलं तरी ती भरून येत नाही.