पैलू ओळखणारे यंत्र

बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे काढणे, भरणे, दुसऱ्या खात्यात वळवणे ही कामे वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली असतात. व्यवहाराची नोंद आणि अधिकाराची तपासणी मात्र प्रत्येक कामात लागते. त्याच ओळी शेकडो जागी विखुरतात आणि नियम बदलला की त्या सगळ्या जागा हुडकाव्या लागतात. असे विखुरलेले काम एका जागी, ‘ॲस्पेक्ट’ म्हणजे पैलू म्हणून लिहिण्याची पद्धत ग्रेगर किझालेस आणि झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडली. जावासाठीची ॲस्पेक्टजे ही भाषा त्याच केंद्रात घडली.

पैलूत काय करायचे आणि कुठे करायचे, हे दोन्ही लिहिलेले असते. कंपायलर ते वाचून मूळ प्रोग्रॅममध्ये धाग्यासारखे विणतो. विणून झाल्यावर उरतो तो नेहमीचा बाइटकोड. तो चालवणाऱ्या जावा व्हर्च्युअल मशीनला पैलू असा काही होता याचा पत्ताही नसतो. त्यामुळे हा प्रोग्रॅम कोणत्याही जावा मशीनवर चालतो, ही मोठी सोय आहे.

खरी अडचण पुढे येते. ‘पगारवाटप चालू असताना खात्यात पैसे जमा झाले, तरच नोंद कर’ असा नियम असला, तर पगारवाटप चालू आहे की नाही हे कंपायलरला आधी कसे कळणार? म्हणून तो पगारवाटपात शिरताना वाढणारा आणि बाहेर पडताना घटणारा एक काउंटर ठेवतो, आणि पैसे जमा करण्याच्या जागी त्याची तपासणी घालतो. पगाराचा दिवस नसला तरी ही तपासणी होतच राहते. चालत्या प्रोग्रॅममध्ये नवा पैलू घालणे किंवा जुना काढणे तर आणखी अवघड.

वास्तविक कोणत्या कामातून कोणते काम सुरू झाले, याचा माग मशीनकडे असतोच. मग पैलूही त्यालाच समजले तर? झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील प्रोज प्रकल्पाने चालत्या प्रोग्रॅममध्ये पैलू घालून दाखवले. जर्मनीतील डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात बोकिश, हाउप्ट, मेझिनी आणि ओस्टरमान यांनी २००४ साली स्टीमलूम हे पैलू ओळखणारे मशीन मांडले. आयबीएममध्ये सुरू झालेल्या जाइक्स या संशोधनासाठीच्या मशीनमध्ये बदल करून ते उभारले होते. पैलू लागू झाला की स्टीमलूम संबंधित मेथडचा बाइटकोड बदलते आणि ती नव्याने कंपाइल करते. पैलू काढला की मूळ कोड परत येतो. न वापरलेल्या पैलूचा भार प्रोग्रॅमवर पडत नाही, आणि हेच या कल्पनेचे खरे बळ आहे.

तिची किंमतही तेवढीच ठोस होती: असा प्रोग्रॅम खास बदललेल्या मशीनवरच चालतो. उद्योगांनी ती मोजली नाही. ॲस्पेक्टजेचे पैलू आजही साध्या बाइटकोडमध्येच विणले जातात.