गोधडीचे टाके आणि प्रयोगशाळेतले उंदीर

मुलांनो, उजवा हात कोपरात वाकवा, मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताने दंड चाचपून बघा. बेटकुळी आली ना टम्म वर? दिवसभरात असे कितीतरी स्नायू तुम्ही हजारो वेळा आवळता आणि सैल सोडता. मग ते फाटत कसे नाहीत, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हांला?

मला तो पडला माझ्या वर्गातल्या एका मुलामुळे. तो सारखा पडायचा. उठताना आधी हात जमिनीला टेकायचा, मग गुडघ्यांना, मग मांड्यांना. जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहायचा! पोरं त्याला ‘आजोबा’ म्हणून चिडवायची. त्याच्या पोटऱ्या मात्र चांगल्या भरदार दिसत. म्हणून एकदा मीही रागावले, “आळस पुरे झाला, पळ बघू!” तो पळायला गेला आणि पडला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की त्याला ‘डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ नावाचा आजार आहे. मला माझीच लाज वाटली. मग मी याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्यातलंच आज तुम्हांला सांगते.

घरातली गोधडी आठवा. वरचं कापड, आतले थर, आणि सगळ्यांना धरून ठेवणारे आजीने घातलेले टाके. टाके उसवले तर काय होईल? दोन-चार धुण्यांतच गोधडीच्या चिंध्या!

स्नायूचा प्रत्येक तंतू असाच असतो. आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे, आणि बाहेर पातळ आवरण. या दोघांना जोडणारा टाका म्हणजे ‘डिस्ट्रॉफिन’ हे प्रथिन. त्याचं एक टोक अ‍ॅक्टिनला धरतं, दुसरं आवरणातल्या प्रथिनांना. स्नायू आवळला की बसणारा ताण त्यामुळे नीट वाटला जातो. डिस्ट्रॉफिन नसेल, तर साधं चालताना-पळतानाही आवरणाला चिरा पडतात. बाहेरचं कॅल्शियम नको तितकं आत घुसतं आणि तंतू मरतो. शरीर डागडुजी करतं, पण किती दिवस करणार? हळूहळू स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट, व्रणासारखा भाग साठतो. त्या भरदार पोटऱ्यांचं गुपित हेच!

हे प्रथिन बनवण्याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी हा एक. त्यात 20 लाखांहून जास्त ‘अक्षरं’ आहेत. अमेरिकेत लुई कंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जनुक शोधला, आणि 1987 मध्ये त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला ‘डिस्ट्रॉफिन’ हे नाव मिळालं. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मुलींकडे एक्सची जोडी, मुलग्यांकडे एकच. ती एकुलती एक प्रत बिघडली की दुसरी मदतीला नाही. म्हणून हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो.

आता उंदरांकडे वळू. आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण माऊस लहान आणि रॅट मोठा. डिस्ट्रॉफिन नसलेला माऊस शास्त्रज्ञांना 1984 पासून माहीत होता. गंमत अशी, की तो बराच ठणठणीत राहतो! मग माणसाच्या आजाराचा अभ्यास त्याच्यावर पुरेसा कसा व्हावा? म्हणून 2014 मध्ये जपान आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी, रॅटच्या या जनुकात बारीकशी काटछाट केली. फ्रान्समधल्या उंदरांचे स्नायू तिसऱ्या महिन्यातच झिजलेले दिसले. सातव्या महिन्यात त्यांत व्रण आणि चरबी साठली होती. ताकद घटली, हालचाल मंदावली, हृदयाचा स्नायूही दुबळा झाला. अगदी माणसाच्या मुलांसारखंच! एकच टाका उसवला, तर काय काय होतं ते या मुक्या जिवांनी दाखवून दिलं.

अशा प्राण्यांवर औषधं आधी तपासता येतात. 2023 मध्ये अमेरिकेत या आजारावरच्या एका जनुक-उपचाराला मान्यता मिळाली. त्यात निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून डिस्ट्रॉफिनच्या छोट्या आवृत्तीचा जनुक स्नायूंत पोचवतात. आजार त्याने समूळ जात नाही, आणि त्याचे धोकेही आहेत. पण वाट सापडली आहे.

पालकांनो, मूल वारंवार पडत असेल, जिना चढताना दमत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि कृपा करून आईला बोल लावू नका. पुष्कळदा हा बदल मुलात नव्यानेच घडलेला असतो.

आणि मुलांनो, आमच्या वर्गात आता कुणी ‘आजोबा’ म्हणत नाही. तो कॅरमचा पक्का खेळाडू आहे. मधल्या सुट्टीत बोर्ड त्याच्या बाकावर येतो, आणि त्याच्या जोडीला बसायला भांडणं होतात. तुमच्याही वर्गात असं कुणी असेल, तर आज त्याच्या शेजारी जाऊन बसा बरं!